आठवण अर्ध्यावर सोडू नका

डिसेंबर लागला की जळगाव जिल्ह्यात भरीत पार्ट्या सुरू होतात. असोदा, भादली, बामणोदकडच्या शेतांत संध्याकाळी तुरकाठ्यांचा जाळ पेटतो. वांगी त्यात काळी ठिक्कर होईपर्यंत भाजायची, सोलायची आणि लसूण-मिरची घालून लाकडी भांड्यात ठेचायची. शेजारी कोणीतरी कळण्याच्या पुऱ्या तळत असतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, हे एरवी कोणाच्या लक्षात नसतं, पण तो धूर नाकात गेला की पटतं. अशाच एखाद्या शेतात तुम्ही उभे आहात असं समजा. दारू सोडून चौदा महिने झालेत. घरचं सगळं रुळावर आलंय. आणि धुराचा पहिला झोत आला तोच आतून कोणीतरी म्हणतं, ‘यासोबत एक क्वार्टर पाहिजे होती राव.’

माणूस हादरतो तो इथे. चौदा महिने फुकट गेले, आपण आतून अजून तसलेच आहोत, असं त्याला वाटतं. दारू सोडलेल्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय की तसं काही झालेलं नाही. विचार आला म्हणजे प्यायलो असं नसतं. दहा-पंधरा वर्षं मेंदूने धूर, थंडी, मित्र आणि ग्लास यांची एकच मोळी बांधून ठेवलेली आहे. त्यातलं एक लाकूड हललं की बाकीची वाजणारच. कोणाला पहिल्या पावसाचा वास पुरतो, कोणाला पगाराचा मेसेज, कोणाला मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्याचा लाल-हिरवा बोर्ड. पाच-सात वर्षं सोबर असलेल्यांनाही हे होतं, फक्त अंतर वाढत जातं.

विचार येणं आपल्या हातात नाही. आलेल्या विचाराचं काय करायचं, ते मात्र शिकता येतं.

दारूची आठवण बहुतेक वेळा अर्धीच येते. तिच्यात पहिला घोट असतो, गप्पा असतात, कोणाच्या तरी विनोदावर सगळं शेत हसतं, आणि तिथेच ती संपते. त्याच रात्री मोटरसायकल कुठे आडवी झाली, घरी दार कोणी उघडलं आणि ते उघडताना तिचा चेहरा कसा होता, पोरगा गोधडीत जागा होता की झोपेचं सोंग घेऊन पडला होता, सकाळी हात कसे थरथरत होते, हे त्या आठवणीत नसतं. मन लबाड असतं असं नाही. कडू भाग लवकर फिका पडतो आणि गोड रेंगाळतो, हा माणसाच्या स्मरणाचा स्वभावच आहे. एरवी त्याचा उपयोगच होतो. बाळंतपणाच्या कळा, दुष्काळाची वर्षं माणसं त्यामुळेच मागे टाकू शकतात. दारूच्या बाबतीत मात्र हाच स्वभाव घात करतो.

म्हणून आठवण आली की तिला हाकलू नका. तिचा हात धरा आणि तिला शेवटापर्यंत चालवत न्या. पहिला घोट, बरं, मग? दुसरी क्वार्टर आणायला कोण गेलं? पैसे कुणी दिले? घरी किती वाजता? काय बोललो? सकाळी काय झालं? दोन-तीन मिनिटांत ती आठवण पुरी होते. पुरी झाली की तिच्यातली चव बहुतेक वेळा उतरते.

हे मनातल्या मनात जमत नाही, कारण तलफ आलेली असताना डोकं चालत नाही. म्हणून आधीच, डोकं शांत असताना, एका कागदावर आपल्या शेवटच्या दोन-तीन वाईट दिवसांचा पुरता वृत्तान्त लिहून ठेवा. ‘मी खूप त्रास दिला’ असं मोघम नको. वार, जागा, रक्कम, कोण काय बोललं, ते सगळं हवं. तो कागद पाकिटात राहू द्या. अमळनेरच्या माझ्या एका मामांनी कागद लिहिला नव्हता. त्यांच्याकडे मामीची पोत गहाण ठेवल्याची सोनाराची चिठ्ठी होती. पोत सोडवून आणली, मामीच्या गळ्यात पुन्हा आली, पण ती चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. खिशात हात घातला की ती बोटांना लागायची. अकरा वर्षं ती त्यांच्या शर्टातून शर्टात फिरत होती. घामाने अक्षरं गेली होती, तरी त्यांना ती वाचता यायची.

आता दुसरी बाजू. काहींना वाटतं, मनाला दटावलं की झालं. दारूचा विचारच करायचा नाही! १९८७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि तरी आलाच तर घंटी वाजवा म्हणाले. घंट्या वाजत राहिल्या. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तर पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा ते त्याचा जास्त विचार करू लागले. खानदेशात यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. असोद्याच्या बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिलेली आहे. त्या ओळी शाळेत सगळ्यांच्या पाठ झालेल्या असतात, तेव्हा इथे लिहीत नाही. मला तिथे शेतकऱ्याचा प्रश्न पडतो. ढोर परत परत येतं तेव्हा तो दिवसभर काठी घेऊन त्याच्या मागे पळत नाही. ते कुठून शिरतं ते बघतो आणि तिथे काट्या लावतो.

तुमचं ढोर कुठून शिरतं? एक आठवडाभर टिपून बघा. बहुतेकांच्या वहीत चार जागा निघतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (एए च्या) सभांना जाणाऱ्या लोकांना ही चौकडी तोंडपाठ असते. यातली भूक फार फसवी आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला पोट रिकामं असतं, हात-पाय गळल्यासारखे वाटतात, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदू त्या गळाठ्याला ‘तलफ’ असं नाव देऊन टाकतो. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात राहून यावर दुसरा उपाय काय शोधायचा? दोन केळी, मूठभर फुटाणे किंवा गूळ-शेंगदाणे खा, वर ग्लासभर पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा. अर्ध्या वेळा काम तिथेच भागतं.

उरलेल्या अर्ध्या वेळी ती खरी तलफ असते. तिच्याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी : ती चढते, माथ्यावर येते आणि उतरते. बहुधा वीस-तीस मिनिटांत. पिणाऱ्याला हे कधी कळतच नाही, कारण तो ती चढतानाच पितो. सिएटलच्या विद्यापीठातले अॅलन मार्लॅट रुग्णांना तलफेवर लाटेसारखं स्वार व्हायला शिकवायचे : छातीत, घशात, हातात कुठे काय होतंय ते नुसतं बघायचं, तिच्याशी भांडायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. आपल्याकडे समुद्र नाही, पण पांझरेचा पूर बघितलेल्या धुळेकरांना हे सांगावं लागू नये. पूर आला की काठावर उभं राहायचं असतं. त्या अर्ध्या तासात मात्र एकटे बसू नका. चालायला लागा, मेहरूण तलावाला फेरी मारा, अंघोळ करा, कोणाला तरी फोन लावा.

फोनची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामाने गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. काम फसलं, खिसा रिकामा, गाव परकं. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार होता, तिथून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. तो फोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला. मला एखादा दारुडा भेटवून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आपला जन्मदिवस तोच मानते. आपण त्याला मदत करायला गेलो होतो, पण त्यामुळे आपणच त्या दिवशी वाचलो, असं विल्सन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तेव्हा मोबाईलमध्ये तीन नावं अशी ठेवा, ज्यांना ‘आत्ता फार वाटतंय’ एवढं एकच वाक्य पुरेल. त्यातलं एक तरी स्वतः पिऊन थांबलेल्या माणसाचं असावं. घरची माणसं घाबरतात, मित्र सल्ले देतात. त्या वाटेने गेलेला माणूस नुसतं ‘कुठे आहेस?’ विचारतो.

गोड आठवणींबद्दल एवढं पुरे. दुसऱ्या प्रकारच्या आठवणी जास्त छळतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि छताकडे बघता बघता एकेक प्रसंग उभा राहतो. बहिणीच्या हळदीत घातलेला गोंधळ. आईवर उगारलेला हात. मुलीच्या स्नेहसंमेलनाला जातो सांगून न जाणं. शरम माणसाला सुधारते असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. आपण वाया गेलेलेच आहोत अशी ज्याची खात्री पटते, त्याला पुन्हा प्यायला कारण लागत नाही.

या आठवणी वहीत दोन रकान्यांत लिहा. भरून देता येईल ते डावीकडे, न येणारं उजवीकडे. किराणा दुकानाची उधारी, भावाकडून घेतलेले पैसे, शेजाऱ्याला केलेली शिवीगाळ हे डावीकडचं. ते एकेक करून फेडायचं, हप्त्याने का होईना. माफी मागताना दोन वाक्यांत मागावी आणि ‘पण तेव्हा माझी परिस्थिती’ असं सुरू झालं की तोंड बंद करावं. समोरच्याने माफ केलंच पाहिजे असंही नाही, तो त्याचा हक्क आहे. उजवीकडचं भरून येत नाही. मुलीचं ते स्नेहसंमेलन परत होणार नाही. पण आज तिला शाळेतून आणायला कोण जातं, ते तुमच्या हातात आहे. पहाटे तीनला मात्र यातला कोणताच हिशेब करू नका. उठा, पाणी प्या, दिवा लावून काहीतरी वाचा. त्या वेळी मनाचं न्यायालय फक्त फाशीच सुनावतं.

स्वप्नांचंही तसंच. दारू सोडल्यावर महिनोन्‌महिने पिण्याची स्वप्नं पडतात, इतकी खरी की माणूस उठून आपल्याच तोंडाचा वास घेतो. ती सगळ्यांना पडतात. त्यात दोष नाही.

खानदेशात राहायचं तर इथलं पंचांगही लक्षात घ्यायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्त्यांचे डाव बसतात आणि डावासोबत बाटली बसते. लग्नसराईत हळदीची रात्र आणि वरातीचा डीजे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर न मागता घरपोच. कपाशीचा चुकारा हातात आला तो दिवस, आणि चुकारा बुडाला तो दिवसही. हे दिवस आधीच ठाऊक असतात, म्हणून तयारीही आधीच करता येते. जायचंच असेल तर स्वतःच्या गाडीवर जा, म्हणजे परतताना कोणाच्या भरवशावर राहावं लागत नाही. घरून जेवून निघा. पोचताच हातात काहीतरी धरा, ताकाचा ग्लास चालेल. रिकाम्या हातात लोक ग्लास कोंबतात. पहिलं वर्ष हळदीला गेलाच नाहीत तर कोणाचं लग्न मोडत नाही. दुसऱ्या दिवशी अक्षतांना हजर राहा.

आग्रह करणारे भेटणारच. ‘एकमा काय व्हस, भाऊ?’ हे अहिराणी वाक्य किती घरांना महाग पडलंय! त्यावर वाद घालू नका. दारूचे दुष्परिणाम सांगू नका. पिणाऱ्याला ते आपल्यावर टीका केल्यासारखं वाटतं आणि तो दुप्पट जोराने मागे लागतो. ‘मी घेत नाही’ म्हणा आणि विषय कपाशीच्या भावाकडे न्या. ‘सध्या बंद आहे’, ‘डॉक्टरांनी महिनाभर सांगितलंय’ असं म्हणालात तर महिन्यानंतरचं आमंत्रण तुम्हीच दिलेलं असतं. ‘सोडली’ या शब्दाची लाज वाटत असेल, तर तो आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. चेष्टेची गोष्ट नाही, जीभ वळायला सराव लागतो.

एकट्याने किती दिवस रेटायचं? फार दिवस रेटू नये. आपल्याकडे ज्यांनी दारू सोडली ती बहुधा मिळून सोडली. १९३० च्या दशकाच्या शेवटी तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांच्या आरतीला आदिवासी हजारोंनी जमू लागले, एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले आणि दारू टाकू लागले. महाराज गेल्यावरही त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते चालवलं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायांनी गुत्त्यांवर मोर्चे नेले, मडकी फोडली. मडकी फोडून तलफ जात नाही हे खरं. पण ‘आप’ म्हणवून घेणाऱ्याला आठवड्याने पुन्हा त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं, याचा धाक आणि आधार दोन्ही असतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेचे अठरा अध्याय अठरा रविवारी सांगितले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. मला त्यातला ठरलेला रविवार फार महत्त्वाचा वाटतो. एक वार, एक वेळ, तीच माणसं. दारू सोडणाऱ्याला नेमकं हेच लागतं.

एए ची सभा हा असाच ठरलेला वार आहे. वर्गणी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात मराठीतूनही सभा चालतात. व्यसनमुक्ती केंद्रांत दाखल होऊन उपचार घेता येतात. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. केंद्र कोणतंही निवडा, पण बाहेर पडल्यानंतरच्या पाठपुराव्याचं काय, हे दाखल व्हायच्या आधी विचारा. आत असताना कोणीही पीत नाही. खरी परीक्षा घरी परतल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी असते.

आता घरच्यांसाठी थोडं, आणि जरा कडक शब्दांत. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पावडर भाजीत कालवू नका. अशा पुड्यांत काय असतं ते तुम्हाला माहीत नसतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे. त्याच्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवावरही बेतू शकतं. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. गोळी बंद केल्यावरही त्याचा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. दुसरं, रोज तोंडाचा वास घेणं थांबवा. चौदा महिने सोबर असलेल्या माणसाला रोज गुन्हेगारासारखं तपासलं तर तो एक दिवस म्हणतो, आरोप आहेच तर गुन्हाही करून टाकू.

आणि जे अजून रोज भरपूर पितात, त्यांनी हा लेख वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नये. रोजच्या पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या काही तासांत कंप आणि घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन माणूस भिंतीवर किडे बघू लागतो. यात मृत्यूही होतो. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांच्या रुग्णालयात आधी जा आणि दिवसाला किती, कधीपासून, ते खरं सांगा.

इतकं सगळं करूनही कधी पाय घसरतो. अशा वेळी पहिल्या ग्लासापेक्षा त्यानंतरचा विचार जास्त नुकसान करतो : ‘आता मोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे.’ मार्लॅट यांनी आपल्या कामात याच विचारावर बोट ठेवलं होतं. गाडीचं एक चाक पंक्चर झालं म्हणून उरलेली तीन कोणी फोडत नाही. बराच काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे जुन्या मापाने पिणं आता जास्त धोक्याचं आहे, हेही ध्यानात ठेवा. जिथे बसला असाल तिथून उठा. गाडी चालवू नका. मोबाईलमधल्या तीन नावांपैकी पहिलं लावा. कोणीच उचललं नाही तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पलीकडून आवाज आला की काय बोलावं सुचत नाही, म्हणून वाक्य आत्ताच ठरवून ठेवा : ‘मी थांबलो होतो. आज प्यायलो. मला परत थांबायचंय.’